कोलमन दवाखान्यात असताना

— राहू दे गं, ती फळी एकटीने उचलू नकोस. कुत्र्याला गाडीत चढवायची म्हणजे भक्कमच केलीय कोलमनने, खाली पत्रा मारलाय. चहा घे आधी. तो गेलाय बॉयल गावात केस कापायला, तासभर तरी येत नाही. त्या खुर्चीवर नको, पाय कुरतडलाय तिचा – आमच्या कुत्र्याचे, लॉर्कनचेच उद्योग. तुझं पिल्लू केवढं? सहा महिन्यांचं? म्हणजे ओट्यावरचा पाव पळवायला लागलं असेल. लागेल. पाव गेला, लोणी गेलं, एकदा तर नाताळचं अख्खं हॅम गेलं, आणि कोलमन हसतोय – पोरगं मोठं होतंय म्हणे. दीड वर्षाचं होईपर्यंत जिने चढू देऊ नकोस, सांधे कच्चे असतात यांचे. जेवल्यावर पळू देऊ नकोस, पोटाला पीळ पडतो. आणि झोपायला जाड गादी दे, नाहीतर कोपरं सोलवटतात. आम्ही काय दिलं माहितीये? आमच्या पलंगाची. हो, लग्नातली. कोलमन म्हणाला, आपल्याला दुसरी आणू. आणली, पण तिच्यावर मी एकटीच झोपायची – हा खाली चुलीपाशी, लॉर्कनच्या पाठीला पाठ लावून. त्याला एकटं वाटतं म्हणे. बरं, मला काय वाटतं ते कोण विचारणार? मी काही सत्तर किलोची नाही.

कुत्रं वाईट नव्हतं. तसं म्हणणार नाही मी. अंगावर रेलायचं नुसतं – तू उभी असशील तिथे येऊन सगळा भार टाकायचं तुझ्यावर, आणि तू भिंतीला. सहा वर्षांचं झालं आणि पुढच्या पायाला गाठ आली. हाडाचा कॅन्सर. रोनन, आमचा जनावरांचा डॉक्टर, सरळ माणूस आहे, म्हणाला, कोलमन, हे बरं होणारं नाही, त्याला मोकळा कर. कोलमन काय म्हणाला? गोळ्या दे. मग गोळ्या. मग ही फळी. मग पोटाखालून टॉवेल घालून उचलून बाहेर न्यायचं, दिवसातून पाच वेळा, आणि याचं वय अडुसष्ट. मी म्हटलं, अरे, ते कण्हतंय, ऐकू येत नाही का तुला? तर म्हणतो, डिम्प्ना, तुला तो कधी नकोच होता. झालं. पुढे बोलायची सोय नाही.

शेवटी कोलमनला हर्निया झालाच. गॉलवेला ऑपरेशन, तीन दिवस दवाखान्यात. जाताना मला कागद लिहून दिला – कुठली गोळी कधी, पाणी किती, कान कुठे खाजवायचा. माझ्या वाढदिवसाला दोन ओळी लिहिल्या नाहीत कधी या माणसाने.

दुसऱ्या दिवशी मी रोननला फोन केला.

त्याने विचारलं गं, कोलमनला माहितीये ना? मी म्हटलं, हो. त्याचंही हेच म्हणणं आहे, म्हटलं. रोनन आला, लॉर्कन उठला, लंगडत दारापर्यंत गेला आणि रेलला त्याच्यावर. डोकं माझ्या मांडीवर होतं शेवटी. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कोलमन घरी आला तेव्हा सांगितलं, झोपेतच गेला. रडला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला – किती वर्षांनी जवळ आला होता. मला बरं वाटलं, काय सांगू.

आठवड्याने रोननचं पत्र आलं. असं लिहितात ते, जनावर गेलं की. भला माणूस, त्याला काय ठाऊक. पाकीट कोलमनने फोडलं. ‘तुम्ही दोघांनी मिळून योग्य निर्णय घेतलात.’ वाचलं, घडी घातली, टेबलावर ठेवलं. त्याला आता नऊ महिने झाले. एक शब्द नाही. जेवतो, ताट धुतो, टोपी घालून बाहेर जातो. फळी गेलेली दिसेल त्याला, पण विचारणार नाही – विचारायचं तर बोलावं लागेल ना माझ्याशी.

चुकलं नाही माझं. कुणालाही विचार. वेदना होत्याच त्याला, कण्हायचा, रात्र रात्र – म्हणजे, त्याच्या आधीच्या आठवड्यात. रोननने नवी गोळी दिली होती ना, ती लागू पडली होती जरा. त्या दिवशी सकाळी चार अंडी खाल्लीन. स्वतःहून उठला. अंगणात जाऊन उन्हात बसला होता, आणि मी खिडकीतून बघत होते, आणि मला वाटलं, हा आता सुधारतोय. कोलमन परत येईल आणि हा अजून असेल. महिना, दोन महिने... तेव्हा मी फोन उचलला.

अशी काय बघतेस?

कप ठेव तिथेच, मी विसळते. फळी मागच्या बाजूने धर, नाहीतर हाताला पत्रा लागेल. आणि जाताना दार ओढून घे.