तपासणीपुरतं नाव

"लगन होऊन तीन महिने झाले, अन् ही लॅपटॉपात अजून बापाचंच नाव लिहून राह्यली," सासूबाई नणंदेला हळूच सांगत होत्या. मी चहा घेऊन दाराआडच होते.

सीएमएसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, बांधलेल्या वेबसाइट तपासणं हे माझं काम. फॉर्म चालतो का ते बघायला कुणाचं तरी नाव भरावं लागतं. मी माझं माहेरचं पूर्ण नाव भरते. बाबा लग्नाच्या महिनाभर आधी गेले, आणि लग्नानंतर आधार कार्डापासून बँकेपर्यंत त्यांच्या जागी यांचं नाव आलं.

मला बघून नणंद हसली. "काऊन वो वहिनी, आमच्या दादाचं नाव कडू लागते काय?"

मी कप खाली ठेवले.

"आई, साइट सुरू व्हायच्या आधी ते नाव मीच पुसते. बाबांचं नाव लिहाले मले आता तेवढीच जागा उरली."