शहाण्णव टक्के

नाव: वेगळ्या कागदावर दिले आहे. घरी मोजपट्टी म्हणतात.
वय: २३ वर्षे ४ महिने. शिक्षण: आठवी पास, नववी अर्धी.
धंदा: चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणे.
राहणार: चष्म्याच्या दुकानाचा वरचा मजला, जिन्यालगतची खोली.

मी समक्ष हजर राहून, माझ्या स्वतःच्या हाताने लिहून देतो की,

आज सकाळी ०७:१० वाजता मी, माझे वडील (निवृत्त ट्रकचालक) व माझी मोठी बहीण असे तिघे भाड्याच्या पांढऱ्या इलेक्ट्रिक गाडीने बंदराकडे निघालो. ताईची मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात नेमणूक झाली आहे. तिने १६:३० पर्यंत गेट नंबर तीनवर मूळ कागदपत्रांसह हजर व्हायचे होते. उशीर झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते, असे पत्रात छापले आहे. गाडी पूर्ण वेळ मी चालवत होतो. ताई मागे बसली होती. पुढे जे घडले त्याच्याशी तिचा काहीही संबंध नाही.

निघताना बॅटरी ९४ टक्के होती. मी दर अर्ध्या तासाने गाडी कडेला घेऊन वहीत टक्के लिहीत होतो. घाट चढताना ते भराभर उतरले. वडील म्हणाले की चाळीस वर्षांत त्यांनी कधी डिझेल संपू दिले नाही, आणि आता पोरगा त्यांना घड्याळाच्या सेलवर समुद्राला नेतो आहे. फोनवर दिसलेले पहिले चार्जिंग एका फर्निचरच्या गोदामामागे निघाले. ते साधे होते, सहा तास लागतील असे समजले. दुसऱ्याला कुलूप होते व किल्लीवाला बाहेरगावी गेला होता. १२:४० ला ११ टक्के. मी एसी बंद केला, काचा वर केल्या व ताशी चाळीसने चालवू लागलो. एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. चालकाने हात केला. वडिलांनी तोंड दुसरीकडे वळवले.

१३:२२ वाजता, ४ टक्के असताना, रस्त्यालगतच्या एका उपाहारगृहापाशी ‘फास्ट चार्जिंग’ अशी पाटी दिसली. तिथे दोन खांब होते. डावीकडे आमच्यासारखीच पांढरी गाडी लागलेली होती, उजवीकडचा खांब रिकामा होता. तिथल्या कामगाराने आमच्या गाडीला गन लावून दिली. (चार्जिंगच्या जाड वायरीच्या टोकाला तिथे गन म्हणतात. तिचा शस्त्राशी संबंध नाही.) चार्ज झाल्यावर गाडी बाजूला घेता यावी म्हणून किल्ली गाडीतच ठेवा, असे त्याने सांगितले. मी वहीत ‘उजवा खांब’ असे लिहिले व आम्ही पुढच्या दाराने चहाला आत गेलो.

१३:३५ वाजता आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो, कारण हात धुण्याची जागा तिकडे होती. त्या बाजूने उजवे ते डावे होते, हे माझ्या आत्ता लक्षात येते. मी वही पाहून उजव्या खांबाकडे गेलो. कामगार तिथे नव्हता. गाडी उघडी होती, किल्ली ठेवल्या जागी होती. मी गन काढून खांबाला अडकवली व बटण दाबले. समोर ९६ आले.

तेरा मिनिटांत ४ चे ९६. मला शंका आली नाही, कारण पाटीवर फास्ट असेच लिहिले होते. मी आकडा मोठ्याने तीनदा वाचला. ताईने मागून माझे दोन्ही कान धरून हलवले. वडील गाडीला एक फेरी मारून आले व बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी त्यांच्या जुन्या क्लीनरला फोन लावून सांगितले की आपण उगाच जन्मभर पंपावर रांगा लावल्या. गाडीचा नंबर माझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे. तो मी ताडून पाहिला नाही. वहीत १३:३५ पुढे ९६ लिहून खाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

डिकीही उघडली नाही. त्याचे कारण असे की सकाळपासून मी ती तीन वेळा उघडून ताईची बॅग व फाईल पाहिली होती, आणि चौथ्यांदा उघडलीस तर मी चालत जाईन, असे तिने बजावले होते.

पुढचे १३० किलोमीटर आम्ही एसी लावून आलो. ताईने बोटीच्या इंजिनाविषयी सगळे सांगितले, आम्हाला निम्मे समजले. वडिलांनी मागच्या सीटवरच्या निळ्या बाटलीतले पाणी प्यायले. आमची बाटली हिरवी आहे. निळी बाटली मी पुन्हा भरून जागेवर ठेवली आहे.

१५:५० ला गेट नंबर तीनवर पोहोचलो. ताईने डिकी उघडली. आत एक खोके होते. खोक्यात प्लास्टरचे दात होते, वरचे व खालचे मिळून एकवीस संच. वडिलांनी विचारले, “हे बोटीवर लागतं का?” ताई खाली, रस्त्यावरच बसली.

१६:०५ वाजता हवालदारसाहेबांनी आम्हाला ताब्यात घेतले. फिर्यादी, म्हणजे कवळ्या बनवणारे गृहस्थ, यांनी फोनवरून गाडीचोरीची खबर दिली होती. मी लगेच सांगितले की गाडी मी नेली, बाकीचे दोघे फक्त बसले होते.

फिर्यादी पती-पत्नी जेवून बाहेर आले तेव्हा आमच्या गाडीलाच आपली समजून बसले, आणि भरत आलेली बॅटरी खाली कशी गेली म्हणून कामगाराशी भांडले, असे त्यांच्याकडून कळले. नंतर त्यांनी डिकी उघडली. तिथे ताईची फाईल होती. वरच्याच पत्रावर गेट नंबर व वेळ होती. बॅटरी पुरेशी होईपर्यंत ते थांबले व १४:२५ ला निघाले.

ते १६:२१ ला आले. हवालदारसाहेब त्यांना सही कुठे करायची ते दाखवू लागले. ते म्हणाले, “आधी पोरीला आत जाऊ द्या. भांडण कुठं पळून जातंय?” त्यांच्या पत्नीने बॅगेचा एक बंद धरला, ताईने दुसरा, आणि दोघी गेटपर्यंत पळत गेल्या. पहारेकऱ्याच्या रजिस्टरात १६:२७ अशी वेळ आहे. ताईने मागे वळून पाहिले नाही. तसे करू नकोस, असे मीच सकाळी सांगितले होते.

ताईचे नाव कोणत्याही कागदावर येऊ नये, ही माझी विनंती आहे. चूक माझ्या वहीची, पर्यायाने माझी आहे.

फिर्यादींनी दात मोजून घेतले, एकवीस भरले. त्यांची तक्रार नाही. परतीच्या वाटेवर चालू असलेले चार्जिंग कुठे आहे, ते मी त्यांना लिहून दिले व कोणत्या दाराने बाहेर पडावे तेही लिहिले.

इथवर लिहिले असता १८:०२ वाजता बोटीचा भोंगा झाला. अंमलदारसाहेबांनी लिखाण थांबवायला सांगितले व आम्हा सर्वांना या बंदर पोलीस ठाण्याच्या गच्चीवर नेले. बोट १८:२० पर्यंत नीट दिसत होती. मागच्या कठड्यापाशी नारिंगी कपड्यांतले कोणी हात हलवत होते. मी रोज नंबरच्या काचा तपासतो, तरी ती ताईच होती का, हे शपथेवर सांगता येणार नाही. वडील म्हणतात, तीच होती.

माझी वही मुद्देमाल म्हणून जमा आहे. ती परत मिळावी, कारण परतीचा रस्ता तोच आहे.

लिहिलेले सर्व अंमलदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. ते घडले तसेच आहे, म्हणून खाली सही करतो. साक्षीदार म्हणून वडिलांची सही राहिली आहे. ते अजून गच्चीवरच आहेत.