तोंड हलवायचं नाटक

काय सांगू तुमाला, मी मूळची पेणची, आनि तुमी विचारताय ना की नाटक शिकवायचं वेड कुठून लागलं, तर ते गणपतीच्या कारखान्यातून लागलं. वडील माझे एका कारखान्यात रंगकामाला होते, आमची खोली तिथंच मागच्या अंगाला, त्यामुळं शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आनि कारखान्यात पळायचं. कारागिरांचे दोन्ही हात कामात, कुनाच्या हाताला माती, कुनाच्या हातात ब्रश, मग पेपर वाचायचा कुनी, तर मला वाचता चांगलं यायचं म्हनून मला उलट्या बादलीवर बसवायचे आनि म्हनायचे, वाच गो. पेपर संपला की गोष्टीचं पुस्तक. तिकडं रंगाच्या कॉम्प्रेसरची घरघर चालू, आनि पार मागून कुनीतरी ओरडायचं, ऐकू येत नाय गो, जेवलीस का नाय. मग मी पोटातून आवाज काढायची, राक्षस आला की राक्षसासारखी, म्हातारी आली की म्हातारीसारखी, आनि माणसं ब्रश हातात धरून नुसती बघत राहायची, मालक चिडायचा. हे माझं शिक्षण. मुंबईला जाऊन विद्यापीठात नाटकाचा कोर्स केला तो नंतर.

त्या कोर्सचं बोलायला नको, पन आता निघालंच हाय तर सांगते. तिथं एक सर होते, त्यांनी मला एकच वाक्य सगळी दुपार बोलायला लावलं, वर्गासमोर, आनि म्हनाले, तुझ्या बोलण्याला खाडीचा वास येतो. सगळी हसली. मी पन हसले, काय करनार, पोरगीच होते. पन तेव्हा जी शिसारी आली ना, ती अजून गेली नाय. मी म्हनते खाडीचा वास येतो तर येऊ दे की, खाडीच्या माणसाला खाडीचा नाय तर काय अत्तराचा वास येनार?

तर कोर्स झाला, लग्न झालं, पेणमध्येच दिलं मला, आनि मी शाळाशाळांतून नाटक बसवायला लागले. कायम नोकरी कधीच मिळाली नाय. नाटकाच्या बाई म्हनून बोलवायचे, गॅदरिंग झालं की नारळ आनि शाल. आता तर कॉलेजात पन जाते, नवीन आलंय ना ते, परफॉर्मिंग आर्ट्स, दोन क्रेडिटचं. काय सांगू तुमाला, पोरं पहिल्या दिवशी विचारतात, मॅडम, यायला लागतं का, का व्हिडिओ पाठवला तर चालेल. नाटकाच्या वर्गाला यायचं नाय, व्हिडिओ पाठवायचा! आनि वर प्राध्यापक म्हनतात चालेल, मार्क द्या, निकाल लागला पायजे. मला वीट आलाय बघा त्या शब्दाचा, क्रेडिट क्रेडिट. पन तुमाला सांगायचं होतं ते हे नाय, तुमाला सांगायचं होतं ते रोह्याच्या शाळेचं.

त्या शाळेचं नाव लिहू नका. संस्थेची शाळा हाय, सेमी इंग्लिश, बरीचशी पोरं धाटावच्या कंपन्यांत शिफ्ट करनाऱ्यांची. मी पेणवरून एसटीनं जायची. पहिल्या दिवशी पोरांना म्हटलं, एकेकानं उभं राहून आपलं नाव मोठ्यानं सांगा, तर एक पोर उभं राहिलं, ओठ हलले, ऐकू काय आलं नाय. दुसरं उभं राहिलं, तेच. मी म्हटलं हे काय, पोरं लाजतात का काय, म्हटलं ओरडा, तर एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी एक मुलगी म्हनाली, ती पन कुजबुजत, बाई, आमाला घरात ओरडायची सवय नाय, पप्पा झोपलेले असतात.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रात्रपाळी करून बाप सकाळी येतो, एकच खोली, तो झोपनार दुपारपर्यंत, मग सगळं घर त्याच्या झोपेभोवती चालतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच आई गॅस बंद करते, टीव्ही बघायचा तो आवाज बंद करून, भांडायचं ते हातवारे करून, दूधवाला पन कडी वाजवत नाय, पिशवी अडकवून जातो. जन्मल्यापासून ही पोरं हळू बोलतात. वर्गात एकच पोरगा मोठ्यानं बोलायचा, सुहेल, त्याचे अब्बा कुवेतला, रोज फोनवर नेटवर्क नसताना ओरडून ओरडून त्याचा घसा तयार झालेला. मी त्याला म्हटलं, तू माझा असिस्टंट.

मग आमी ठरवलं, नाटक हेच करायचं. लिहिलं कुनी नाय, पोरांनीच करून करून दाखवलं आनि मी ते बांधलं. एका मुलीला शाळेच्या कबड्डी टीममध्ये घेतलंय, तिला ते बापाला सांगायचंय, पन बाप झोपलाय. ती येते, हळू बोलते, आई बोटानं गप करते, शेजारीन येते ती पन खुणांनी बोलते, दिवसभर ती बातमी तोंडात धरून फिरते. बाप उठतो तो डबा घेऊन परत पाळीला निघतो, असे दिवस जातात, आनि शेवटी एक दिवस ती त्याच्या उशाशी उभी राहून ओरडते, पप्पा उठा, मला तुमच्याशी बोलायचंय. बस, एवढंच नाटक.

त्या मुलीचं काम मी दिलं ऋतुजाला, जी मला पहिल्या दिवशी कुजबुजत बोलली होती तीच. लोक म्हनाले हिला आवाज नाय, हिला कशाला. मी म्हटलं आवाज नाय म्हनूनच. आता तुमाला वाटेल सोपं असतं, ओरड म्हटलं की ओरडली. नाय हो. किती दिवस तिला मी मैदानाच्या एका टोकाला उभी केली आनि सुहेलला दुसऱ्या टोकाला, आनि म्हटलं त्याला हाक मार. तिचा आवाज मध्येच पडायचा. रडायची. मी म्हनायची रड, पन मोठ्यानं रड. आनि एक दिवस, काय झालं कोन जाने, तो पोरगा तिकडून नुसता हसला, आनि ही त्याला ओरडली, असा आवाज आला की शिपाई बाहेर आला बघायला. फाटका, खरखरीत, मध्येच चिरलेला. ती स्वतःच घाबरली, तोंडावर हात ठेवला. आनि मग हसायला लागली. त्या दिवसापासून ती पोर तालमीला पळत यायची.

नाटकात आपन काय करतो ते बापाला तिनं सांगितलं नव्हतं. म्हनाली, बाई, ते स्टेजवरच ऐकू देत. त्यांनी मित्राशी पाळी बदलून घेतलीय त्या दिवसाची. त्यांनी माझा आवाज कधी ऐकलाच नाय ना.

तर गॅदरिंग आलं तोंडावर, आनि मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलवलं. चेअरमन साहेब बसलेले, आनि बाजूला एक पोरगेला माणूस, पनवेलचा इव्हेंटवाला, चष्मा डोक्यावर. चेअरमन म्हनाले, बाई, यंदा सगळं रेकॉर्डेड करायचं ठरलंय. मी म्हटलं डान्सची गाणी ना, ती तर असतातच. तर इव्हेंटवाला म्हनतो, नो मॅडम, ड्रामा पन. आमच्याकडं स्टुडिओ आहे, प्रोफेशनल व्हॉइस आर्टिस्ट आहेत, ट्रॅक रेडी आहे, मुलांनी फक्त लिपसिंक करायचं, ओठ हलवायचे. ट्रॅक रेडी आहे! माझ्या तालमीचं कुनीतरी मोबाईलवर घेतलेलं, त्यावरून यांनी तिकडं बायामाणसांकडून बोलून घेतलं, मला विचारलं पन नाय. मी म्हटलं, अहो, पोरं बोलायला शिकलीत, तेच तर नाटक हाय. तर चेअरमन हसले, म्हनाले, बाई, पालक व्हिडिओ करतात, ग्रुपवर टाकतात, कुनाचा आवाज आला कुनाचा नाय आला, शाळेचं कसं दिसतं ते? हे क्लीन होतं.

क्लीन! त्यांनी मला तो ट्रॅक ऐकवला. ऋतुजाच्या जागी कोन बाई होती देव जाने, कार्टूनमध्ये ससा बोलतो ना, तसा गोड गोड आवाज, शेजारीन पुण्याची, आई पुण्याची, धाटावच्या चाळीत सगळी पुण्याची माणसं राहायला आलेली. आनि मागं व्हायोलिन. मी म्हटलं मी नाय करनार, मी चालले. उठले पन. तर बाहेर ऋतुजा उभी, तिनं सगळं ऐकलेलं. मला म्हनाली, बाई, जाऊ नका, तुमी गेलात तर आमचं नाटक काढून टाकतील, पप्पांनी पाळी बदललीय. मी करते तसं.

मग मी थांबले. आनि जी पोरं मी मैदानावर उभी करून बोलायला शिकवली होती, त्यांना वर्गात बसवून ओठ हलवायला शिकवलं. थू. आजपन आठवलं की तोंड कडू होतं. सुहेल बिचारा विचारतो, बाई, मी खरंच बोललो तर चालेल का, ट्रॅकच्या वर माझा आवाज जातो. इव्हेंटवाला म्हनाला, अजिबात नको.

गॅदरिंग झालं. मांडव भरलेला, सगळ्यांचे हात वर, हातात मोबाईल. ऋतुजाचे पप्पा पुढच्या रांगेत, डोळे लाल, झोप नसनार झालेली, नवीन शर्ट. नाटक चाललं, क्लीन चाललं, आनि शेवटी ती उशाशी उभी राहिली, तोंड उघडलं, आनि स्पीकरमधून तो गोड आवाज आला, पप्पा उठा, मला तुमच्याशी बोलायचंय. टाळ्या काय, शिट्ट्या काय. मी पडद्याच्या बाजूनं बघत होते, बाप हमसून रडत होता. चेअरमन मला म्हनाले, बघितलंत?

पुढच्या रविवारी ऋतुजाच्या घरच्यांनी मला बोलवलं, धाटावला. शिरा केलेला. ऋतुजाचे पप्पा साधा माणूस, इतका आनंदलेला की बसेना, म्हनाले, बाई, मला म्हाईतच नव्हता माझे पोरीचा आवाज असा हाय, इतका गोड, मी जनू बहिराच होतो. मी ऋतुजाकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. तर ते म्हनाले, गो ऋतू, बाईंना करून दाखव ना, शेवटचा दाखव. ती नको नको म्हनाली, मग माझ्याकडं बघितलं, आनि उभी राहिली. मला वाटलं आता. आता ऐकेल हा. आनि ती ओरडली, तिच्या आवाजात, तोच फाटका खरखरीत आवाज, शेजारची बाई दारात आली.

आनि बाप हसला हो. लाडानं हसला. म्हनाला, असा नाय गो, घसा बसलाय का तुझा? स्टेजवर केलास तसा कर.

माझ्यानं राहवलं नाय. मी म्हटलं, दादा, स्टेजवरचा आवाज हिचा नव्हता, तो रेकॉर्ड केलेला होता, दुसऱ्या बाईचा. हा हाय हिचा आवाज. तर ते म्हनाले, बाई, गरिबाची मस्करी करताय होय, आनि मोबाईल काढला, व्हिडिओ लावला, माझ्यासमोर धरला, म्हनाले, ह्ये बघा, तोंड कुनाचा हलतंय? पोर माझीच ना? मी त्यांना परत सांगितलं, समजावून सांगितलं. त्यांनी व्हिडिओ परत लावला. बायको म्हनाली, बाई, शिरा घ्या. आनि ऋतुजा बापाच्या खांद्यावरून त्या मोबाईलमध्ये बघत होती, आनि तिचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते, बरोब्बर हलत होते, मीच शिकवलेले.

आता तुमी विचाराल, अजून जाता का त्या शाळेत. जाते. नाय गेले तर तो चष्मेवाला सगळंच घेऊन बसेल. यंदा तालमी सुरू झाल्या तर ऋतुजा आली माझ्याकडं, म्हनाली, बाई, मला डान्समध्ये घ्या, डायलॉग नको. मी म्हटलं बरं. घेतली, मागच्या रांगेत हाय, चांगली नाचते. देव तिचं भलं करो, शिकू दे, मोठी होऊ दे, माझं काय म्हननं नाय. तिच्या पप्पांना आता कायमची दिवसपाळी मिळालीय म्हने. घरात कितीपन ओरडलं तरी चालतं आता, दुपारभर खोली मोकळी. तिची आई सांगत होती मला बाजारात, ती ओरडत नाय.