सत्यभामेनं सोडलेला चहा

मंडळी, एक सांगा, देवाला काय सोडावं? आपलं आवडतं. बरोबर? तुमच्यातले काही काशीला जाऊन कारलं सोडून आलेत, ठाऊक आहे मला! पण सत्यभामा तशी लबाड नव्हती.

घाटाखालचं गाव. पाच वर्षांची वेणू, एकुलती एक, आणि तिला दमा. धाप लागली की पोर खिडकीचे गज धरून उभी राहायची, आणि पाठीवर हात फिरवता फिरवता आईचाच श्वास अडायचा. अशाच एका दुपारी ती गावदेवीला बोलून गेली– हिला बरं कर, चहा या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आणि चहा म्हणजे तिचा जीव हो! दिवसभराच्या रगाड्यात तेवढीच टेकायची सवड.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकवैद्य आले. म्हणाले, "तालुक्याहून औषध आणतो, चार दिवस लागतील. तोवर धाप लागली तर चहाची पूड दाट उकळ. दूध नको. घोट घोट पाज. छाती घटकाभर सैल होते."

"चहा सोडलाय, काका."

"तू सोडलास. पोरीनं नाही."

"उंबऱ्याच्या आत येणार नाही म्हटलंय."

"अगं, चीनकडच्या डोंगरातलं झाड ते. तिकडं आधी औषध म्हणूनच पीत. डोकं चढलं, झापड आली, की पानं उकळायची. साखर घालून चैन आपण केली. अडुळसा समज."

"मी समजेन. देवी समजेल का?"

वैद्य चहाची पुडी ओसरीवर ठेवून गेले.

तिसऱ्या दिवशी वेणूला धाप लागली. शेजारच्या गोदूवहिनींनी तीच पुडी उचलली, आपल्या चुलीवर उकळली, आणि पेला घेऊन उंबऱ्याबाहेर थांबल्या. "घे गं. पाप मला लागू दे."

सत्यभामा पोरीला कवटाळून आत उभी. शब्द मोडावा, तर देवी पोर नेईल. पाळावा, तर– वेणूचे ओठ निळे पडत होते. किती वेळ उभी राहिली असेल? पेल्याची वाफ थांबेपर्यंत. मग तिनं हात बाहेर काढला.

पहिला घोट ओठांच्या कडेनं ओघळून परत आला.

वैद्य औषध घेऊन पोचले, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मी शब्द मोडला म्हणून गेली ना, काका?"

वैद्यांना सगळं कळलं होतं. पेला आधी घेतला असता, तर कदाचित वेणूनं त्यांची वाट पाहिली असती. पण हे तिच्या पदरात कसं टाकायचं? ते म्हणाले, "हो बाई. देवीचंच ते."

खोटं बोलले! आणि देवीनं तो आळ मुकाट्यानं अंगावर घेतला. आईच ती.

मंडळी, तुम्ही काय काय सोडलंय? ते देवीनं मागितलं होतं का, आणि त्यावाचून घरात तडफडतंय कोण? सत्यभामेला हे विचारायची छाती कुणाची झाली नाही. माझीही झाली नसती. तुम्हाला विचारतेय, कारण तुमची लेकरं अजून श्वास घेताहेत.