उत्तरेच्या धारेची गोगलगाय

सन्माननीय अध्यक्ष काउलुकुकुई साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती पुआनानी मावशी, आणि भट्टीतलं डुकराचं मटण गार होत असूनही माझ्याकडे तोंड करून बसलेल्या सभ्य स्त्रीपुरुषहो,

हवाईतल्या ओआहू बेटावरच्या, दुर्मिळ गोगलगायी जपणाऱ्या आपल्या गोगलगाय-घरातून मावशी आज निवृत्त होताहेत. मला चार शब्द बोलायला सांगितलंय. चारात भागेल असं वाटत नाही.

आपल्या झाडांवरची गोगलगाय जन्मल्या झाडापासून फारशी हलत नाही. मध्ये एक दरी आली की संपलंच! पलीकडची पिढ्यानपिढ्या पलीकडेच. युगं लोटतात, रंग बदलतात, शंखांची वळणं बदलतात आणि एके काळची सख्खी भावंडं परकी होतात. डोंगराच्या धारेगणिक नवी जात. त्यातल्या उत्तरेच्या धारेची आपल्याकडे एकच उरली होती. मी म्हणालो, "मावशी, शेजारच्या धारेवरच्यांत सोडू हिला. निदान काहीतरी उरेल."

"डोंगरानं युगं खपून वेगळी केली, ती तू एका दुपारी एक करणार? शहाणाच आहेस!"

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? ती एकटीच मरून गेली असती तर?

मग अध्यक्षांच्या कन्येचं लग्न आलं, इथंच, आपल्या अंगणात. पानांबरोबर रानातून गोगलगायींना मारणाऱ्या मुंग्या येतात म्हणून मावशी दारातच प्रत्येकाच्या गळ्यातली पानांची माळ, लेई, तपासत होत्या. "मावशी, लग्न आहे की जकात नाका?" असं कुणीतरी म्हणालंही. अध्यक्षांच्या धाकट्या भावाची लेई हाती येताच त्या कडाडल्या, "मेल्या, कुंपण ओलांडून उत्तरेच्या धारेवरचा वेल तोडलास ना?"

"पुतणीचं लग्न, मावशी! बाजारातला घालू का?"

आणि मावशी एकदम रडायलाच लागल्या. पानांमागे दोन गोगलगायी चिकटल्या होत्या. साहेब, तुमच्या भावाला त्या दिवशी चापट आणि मुका एकदमच मिळाला.

गेल्या आठवड्यात त्या तिघींची पिल्लं आपण नव्या उतारावर सोडली. मी म्हणालो, "मावशी, या जातीला तुमचं नाव देऊ या."

"हिला नाव आहे रे. पण इथला पाऊस वेगळा, झाडं वेगळी. युगांनी इथं दुसरीच कुणी होईल. तिचं नाव तेव्हाची माणसं ठेवतील."

मावशी, तेव्हाही माणसं असतील आणि ती गोगलगायींना नावं ठेवत बसतील, असं तुम्ही धरूनच चाललात. त्याबद्दल मी आपल्या सगळ्यांच्या वतीनं तुमचे आभार मानतो. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. मावशी, ती पिल्लं सुखरूप आहेत.