सापसुरळीच्या आधी पाणी

सापसुरळीला घाबरणारी माणसं खूप पाहिलीत, पण तिच्याशी शर्यत लावणारी एकच, माझ्या सासूबाई. मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा आहे. परवा फुलं तोडताना त्यांच्या बोटाला सापसुरळी चावली. आमच्याकडे समज असा, की चावल्यावर ती पाण्याकडे पळते. ती आधी पाणी प्यायली तर माणूस मरतो आणि माणूस आधी प्यायला तर ती मरते.

"सरक गं!" म्हणत सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मला ढकलून हौदाकडे धावल्या आणि सहा तांबे पाणी घटाघटा प्यायल्या. मग पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. "लय विष चढलं गं," म्हणत बांधावरच आडव्या झाल्या. कसंबसं स्कूटीवर बसवून मी त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बोट पाहिलं. "आजी, सापसुरळीला विष नसतंच. हा त्रास पाण्याचा आहे."

येताना आई मागच्या सीटवरून सारखं "अरेरे" करत होत्या. मी म्हटलं, "आता कसली काळजी?"

"म्हंजे मी मरणारच नव्हते," त्या म्हणाल्या. "उगाच आधी पाणी प्यायले बाई. त्या बिचारीचा फुकट जीव गेला."