पूर्णेच्या गाडीनं आलेली देवी

देवी कुनाच्या बोलावन्यानं येत न्हाई आन कुनाच्या घालवन्यानं जात न्हाई, ती तिच्या मर्जीची धनीन हाय, असं आमच्या आत्या, म्हंजे माझ्या सासूबाई, जन्मभर सांगत आल्या. आमच्या घरी मातर ती शनिवारच्या गाडीनं पूर्णेहून आली, पिंगळीच्या टेसनावर उतरली आन मालकाच्या धोतरात बसून घरापत्तूर आली. आता हे पहिल्यापासून सांगावं लागंल, न्हाई तर तुमाला वाटंल म्हातारी देवाधर्माची टिंगल करायली.

माझं माहेर सोनपेठच्या अंगाचं, गोदावरीच्या काठचं. बापाची मेंढरं, थोडी शेरडं, आन शेत म्हनाल तर वाळूचा एक पट्टा, नदीला वाटलं तर ठिवायची, वाटलं तर न्यायची. मी वाढले मेंढरातच, त्याच्यामुळं नर कवा सोडायचा, गाभन मेंढी कशी वळखायची, हे मला लाज कळायच्या आधी कळलं. आमच्या लोकात कळपात देवी आली की ती घरात बी आली असं धरायचं. मेंढरांना पान्याचे फोड उठले की दाराला लिंबाचा डहाळा लावायचा, पाहुना बंद, फोडनी बंद, लोकर कातरनं बंद, नर येगळा बांधायचा, आन नवरा-बायकोनं बी येगळं निजायचं, कारन देवीला ते चालत न्हाई. देवीला काय काय चालत न्हाई हे सांगायला म्हाताऱ्या लय. फोड सुकले, दहीभाताचा निवद झाला, डहाळा उतरला, की मंग सगळं मोकळं.

निजामाचं राज गेलं त्याच्या पुढच्या साली माझं लगीन झालं, पिंगळीजवळच्या एका गावात. सासर बी मेंढरावालंच. राज बदललं म्हनून लोक लय बोलायचे. आमच्या पाटलानं रुमी टोपी पेटीत घातली, पांढरी टोपी काढली आन तेच भाषन पुन्हा केलं. मेंढरं दोन्ही राजात बाभळीच्या शेंगाच खायची.

मालक रेल्वेत गँगवर लागले, पूर्णेला. खडी टाकायची, रूळ ठोकायचा, हप्ताभर तिथंच राहायचं आन शनिवारी घरी यायचं. जंक्शनचं गाव ते, चारी दिशांची मानसं तिथं उतरायची, आन मानूस काय रिकाम्या अंगानं थोडाच फिरतो.

मला बरीच सालं लेकरू न्हाई. आत्या म्हनायच्या, गिरजे, तुझ्या अंगात मळ बसलाय, धू. मंग तुरटीचं पानी, लिंबाचा पाला उकळून त्याचं पानी, एखाद्या टायमाला राखेचं पानी, आन ते नुसतं वरून न्हाई, फडक्यानं आतून. काय सांगू तुमाला, जितकं धुवावं तितकं अंगावरून पांढरं जास्ती जायाचं, खाज सुटायची, आग व्हायची, आन आग झाली की आत्या म्हनायच्या, बग, मळ निघायलाय, आनखी धू. तवर त्यांनी आपल्या भैनीच्या घरची एक पोरगी मालकासाठी बगून बी ठिवली होती. दुसरी आली की मी कळपामागं जानार हे मला कुनी सांगायची गरज नव्हती. लंगड्या मेंढीला कळपात कोनती जागा असती हे मी पाहिलेलं होतं.

तर त्या शनिवारी मालक ताप घेऊन आले. जांघेत गाठ, चालायचं तर पाय फाकून. पुरळ उठलंय एवढं आईला बोलले. आत्या म्हनल्या, कुठं. तर खाली, म्हनले. आत्यांनी दाराआड पाहिलं आन भाईर येऊन पदर पसरला, माय आली गं माय. आता तुमी हसाल, पन त्यांचं चुकलं कसं ते ऐका. मेंढराला देवी तिथंच उठती, जिथं लोकर नसती तिथं, मांडीच्या आतून, शेपटाखाली, नराच्या अंडापाशी. ताप तसाच, गाठ तशीच, पान्याच्या फोडाचा झुबका तसाच. जन्म मेंढरात गेलेल्या बाईनं आनखी काय म्हनावं?

डहाळा लागला, फोडनी बंद झाली, मालकाला नवी घोंगडी. गाव उंबऱ्यापाशी येऊन हात जोडायला लागलं, देवीची गानी म्हननाऱ्या आराधनी गाऊन गेल्या. पाटील आले, त्यांनी भाषन केलं, का आपल्या गावाला मातेनं निवडलं ही लहान गोष्ट न्हाई, आन मंग म्हनले, दर्शन घेतो. आत्या म्हनल्या, ह्या खेपेला माय पडद्यात हाय. मालकानं भिंतीकडं तोंड केलं.

पाटलानं तालुक्याला कळवलं, नव्या सरकारला कळवावं असं त्यांच्याकडं पहिल्यांदाच काही आलं होतं. मंग देवी टोचनारा डाक्टर आला. आत गेला, लवकर भाईर आला आन लय येळ हात धूत बसला. पाटील म्हनले, कोनती देवी, साहेब? तो म्हनला, नवीन हाय. आलोच हाय म्हनून त्यानं सगळ्या गावाला टोचलं. जाताना मला शेरडांच्या गोठ्यापाशी गाठून हळूच बोलला, बाई, ही देवी टोचून थांबत न्हाई, ही भाईरून आनलेली हाय, तुमाला लागू नये म्हनून परभणीला डाक्टरीनबाईला दाखवा. आन आत्याला सांगितलं, देवीची सेवा करनारीला दाखवून आना, न्हाई तर वंश अडंल. वंश म्हनल्यावर आत्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या.

डाक्टरीनबाई हैद्राबादकडची. आत्याला भाईर बसवलं आन मला पडद्यामागं घेतलं. लाज वाटली, पन बापानं आत हात घालून तपासलेल्या मेंढ्या मी लय पाहिल्या होत्या, फरक एवढाच की मेंढीला नाव सांगावं लागत न्हाई. काय काय लावतीस म्हनली, मी सगळं सांगितलं, तुरटी, पाला, राख, आन मालकाचे फोड बी. तिनं कपाळाला हात लावला. अंदर कुछ नक्को डालो, माँ, म्हनली, अंग आपआप साफ रहता. मंग मराठीत सांगितलं, वरून साधं पानी, तेवढं बस, तू धुतीस म्हनून आतलं सोलून निघालंय. रक्त बगून सांगितलं का गर्मीचा गुप्त रोग न्हाई. तुझ्या नवऱ्याचे फोड निजल्यानं लागतात, म्हनली, सुकतात आन परत येतात, मुळातून काढायचं औषध न्हाई. फोड असताना जवळ जाऊ नको, त्याला आग व्हायला लागली की तवाच येगळी हो. फोड नसले तरी भेव राहतंच, पन फोडात लय. दिवस गेले तर बाळातपनाला इथंच ये आन हे सगळं सांग.

मी म्हनले, बाई, नवऱ्याला न्हाई कसं म्हनायचं? त्याचं औषध तिच्या कपाटात बी नव्हतं.

गाडीत आत्यानं इचारलं, काय म्हनली. मी म्हनले, आतून धुऊ नको म्हनली. आत्या म्हनल्या, शिकलेल्या बाया, पान्याचा आळस. मी धुनं सोडलं मातर, पान्याला जाते म्हनून जायची आन तांब्या शेरडाला पाजायची. आग गेली, पांढरं कमी झालं.

डहाळा उतरला, निवद झाला, सगळं मोकळं झालं. आन मंग एका शनिवारी मालक परत तसेच पाय फाकून आले. जेवले आन आपली वाकळ माझ्या वाकळंला लावून टाकली. मी उठले, अंगनात गेले, लिंबाचा डहाळा तोडला आन दाराला लावला.

आत्या म्हनल्या, कामून गं?

मी म्हनले, आत्या, माय परत आलीय. तुमच्या लेकाला इचारा.

आत्या लेकाकडं वळल्या, आली का रे? मालकानं माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, डहाळ्याकडं पाहिलं. न्हाई म्हनावं तर आई दाराआड नेऊन बगनार. देवी न्हाई म्हनावं तर मंग काय हाय ते सांगावं लागनार, आन ते आईला, आन मंग गावाला, आन पाटलाला, ज्यानं भाषन केलेलं. मंग म्हनले, आल्यासारखं वाटायलंय.

आत्यानं त्यांची बाज भाईर काढली आन सोता माझ्या दारात आडव्या पडल्या. जी बाई मला रोज धू धू म्हनायची, तीच माझी राखन झाली. तवापासून हेच. पुढं पुढं तर मालक टेसनावरून येतानाच डहाळा तोडून आनायचे, मला उठायला बी लावायचे न्हाईत. भैनीच्या पोरीचं आत्यानं आपआप सोडून दिलं, देवीच्या घरात सवत चालत न्हाई म्हनल्या. ते बी देवीला चालत न्हाई हे मला नवीनच होतं, पन मी कशाला इचारू.

आधी लेक झाली, मंग दोन ल्योक, तिन्ही परभणीला, डाक्टरीनबाईला सांगून-सवरून. मालकाला मी एकदाच इचारलं, कुठून आनली. ते म्हनले, जंक्शन हाय. तेवढंच.

मला लागलं का, इचारता? फोड कवाच उठला न्हाई. न दिसता बी राहू शकतं असं बाई म्हनली होती, मंग असंल, ह्या घरात लय काय काय न दिसता राहिलं. आत्या गेल्या, मालक गेले, लेकरं चांगली हायत, तुमची बी असू द्या. पाटलानं त्या देवीच्या नावानं बांधलेला कट्टा लिंबाखाली हाय अजून, पोरं कामाला भाईरगावी निघाली की तिथं नारळ फोडतात. मी बी सांगते त्यांना, फोडा, बाबा.

मधल्या काळात, मालक होते तवाच, सरकारची मानसं आली होती, त्यांनी शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं का देवी देशातून कायमची गेली. पाटलाच्या ल्योकानं भाषन केलं. भिंतीचा रंग वाळायच्या आत आमच्या दाराला डहाळा लागला.